शिकवण्याच्या खोलीत तुमचं वाजवणं कुठे आहे?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

सांगलीजवळ राहणाऱ्या ३६ वर्षांच्या एका व्हायोलिनवादकाचं हे पत्र आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. एकाच गुरुजींकडे १४ वर्षं तालीम झाली, आकाशवाणीची बी-हाय श्रेणी (कलाकारांच्या श्रेण्यांत ए श्रेणीच्या खालची) आहे. घरी ३१ विद्यार्थी येतात, महिन्याची फी १,२०० रुपये. मे महिन्यात आणि दिवाळीत निम्मी मुलं येत नाहीत, आणि त्यांची फीही येत नाही. गेल्या वर्षभरात एकल वादनाचे दोन कार्यक्रम मिळाले, बाकी सगळी भावगीतांच्या कार्यक्रमांतली साथ. आता पुण्यातल्या एका मोठ्या शाळेनं संगीतशिक्षकाची पूर्णवेळ नोकरी देऊ केली आहे, पगार ४५,०००. पत्नी सांगली जिल्ह्यातच शिक्षिका, मुलगी पाच वर्षांची. म्हणजे पुण्यात एकट्यानं राहायचं आणि शनिवारी रात्री घरी यायचं. डावा खांदा अलीकडे रात्री ठणकतो. गुरुजी पूर्वी एकदा म्हणाले होते, "शिकवण्या वाढल्या की गज जड होतो." (गज म्हणजे व्हायोलिनच्या तारांवर ओढायचा दांडा.) ते वाक्य डोक्यातून जात नाही. पत्राच्या शेवटी ते विचारतात, "वादक व्हायचं होतं, मास्तर झालो. आता शाळेत गेलो तर तेही कायमचं होईल. मी हरलो असं समजायचं का?"

उत्तर:

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती. 'फक्त' हा शब्द तुम्ही पाच वेळा लिहिला आहे. फक्त शिकवण्या, फक्त साथ, फक्त दोन कार्यक्रम, फक्त बी-हाय, आणि एका ठिकाणी 'फक्त सांगलीत'. मुलीचा उल्लेख एकदाच आला आहे, तोही जागेच्या अडचणीच्या संदर्भात. आणि एका ११ वर्षांच्या विद्यार्थिनीबद्दल मात्र चार ओळी आहेत: ती आल्या आल्या तंबोरा लावते, स्वतःच्या खुंट्या स्वतः पिळते, सूर जुळला की मान वर करून तुमच्याकडे बघते. त्या चार ओळींत 'फक्त' नाही. तुम्हाला हे जाणवलं होतं का?

मी स्वतः ठाण्यात ३४ वर्षं व्हायोलिन शिकवलं. त्यामुळे तुमचा प्रश्न मला पुस्तकातून समजून घ्यावा लागला नाही. पण उत्तराकडे वळण्याआधी तो प्रश्न जिथून उगवला आहे तिथली माती थोडी उकरते.

तुम्ही धरून चालला आहात की चांगल्या वादकाला मैफिली मिळतात, आणि ज्याला मिळत नाहीत तो शिकवण्या करतो. म्हणजे शिकवणं ही मागच्या दारानं बाहेर पडण्याची वाट. हे गणित आपल्या वाद्याच्या बाबतीत तरी मला पटत नाही. व्हायोलिन दक्षिणेत आलं ते एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, बालुस्वामी दीक्षितरांच्या काळात, आणि बघता बघता गायकाच्या शेजारी जाऊन बसलं. आज चेन्नईत गायनाची कचेरी, म्हणजे मैफल, असली की व्हायोलिन असायचंच. गायक जितके, तितकी व्हायोलिनवाल्यांना कामं. आपल्याकडे, हिंदुस्तानी संगीतात, ती गायकाशेजारची जागा आधी सारंगीची होती आणि पुढे पेटीनं घेतली. आपलं वाद्य एकल वादनापुरतं उरलं, आणि एकल वादनाला एखाद्या महोत्सवात किती जागा असतात ते तुम्ही जाणताच: गायन, गायन, सतार किंवा बासरी, पुन्हा गायन. तुमच्याच तयारीचा माणूस दक्षिणेतल्या कर्नाटक पद्धतीत वाजवत असता तर त्याची संध्याकाळ मोकळी नसती. त्यामुळे वर्षाला दोन कार्यक्रम या आकड्यात तुमच्या हाताचा दोष किती आणि वाद्याच्या वाट्याला आलेल्या जागेचा किती, हे वेगळं करून बघा.

दुसरी एक वाट होती, रेकॉर्डिंगची. मुंबईच्या चित्रपटसंगीतात एके काळी व्हायोलिनवाल्यांच्या रांगाच्या रांगा बसायच्या, त्यात गोव्याहून आलेले वादक मोठ्या संख्येनं. त्यांच्यातलेच अँथनी गोन्साल्विस. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या संगीतकार जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. मराठी भावगीतांत प्रभाकर जोगांचं व्हायोलिन इतकं शब्दांसारखं वाजायचं की लोक त्याला 'गाणारं व्हायोलिन' म्हणू लागले. नंतर कीबोर्ड आले, एका माणसाच्या दोन हातांतून वीस व्हायोलिनांसारखा आवाज निघू लागला, आणि ती रांग विरत गेली. हेही तुमच्यामुळे झालेलं नाही. तुम्ही वाजवायला लागलात तेव्हा ते होऊन गेलं होतं.

उरली शिकवणी. ती कुणी केली ते बघा. वाईत जन्मलेले व्हायोलिनवादक व्ही. जी. जोग लखनौच्या संगीत महाविद्यालयात शिकले आणि तिथेच त्यांनी शिकवलं. बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या सनईबरोबर त्यांची जुगलबंदी आपण आजही ऐकतो. गजाननबुवा जोशी गायक म्हणून थोर, व्हायोलिन त्यांनी बहुतांशी स्वतःच्या कानानं कमावलं, आणि त्यांच्या तालमीतून उल्हास कशाळकरांसारखा गायक उभा राहिला. व्हायोलिनवादक एन. राजम बनारस हिंदू विद्यापीठात जवळजवळ चार दशकं शिकवत होत्या. त्यांचे भाऊ टी. एन. कृष्णन कर्नाटक पद्धतीतले मोठे व्हायोलिनवादक, तेही दिल्ली विद्यापीठात प्राध्यापक होते. यातल्या कुणाला मैफली मिळेनात म्हणून ते वर्गात जाऊन बसले, असं कुणी म्हणेल का?

ही नावं तुम्हाला धीर देण्यापुरती घेतलेली नाहीत. मोठ्यांनी केलं म्हणून आपलं दुखणं कमी होत नाही, हे मला कळतं. एवढंच दाखवायचं आहे की शिकवण्यामुळे वाजवणं संपतंच असं नाही. तरीही पुष्कळांचं संपतं. कशानं संपतं, ते मी माझ्यावरून सांगते, कारण तुमच्या गुरुजींच्या वाक्यात खरं आहे ते इथेच आहे.

मी चाळिशीत असताना माझ्याकडे भरपूर मुलं होती. दुपारी तीन ते रात्री नऊ शिकवायची. एका गुरुपौर्णिमेला गुरुभगिनीच्या घरी यमन वाजवला. सगळे छान म्हणाले. पाहुणे गेल्यावर तिनं मला स्वयंपाकघरात नेलं आणि हळूच म्हणाली, "तुझा तीव्र मध्यम उतरलाय गं." यमनमधला 'म' जागेच्या जरा खाली लागतोय, असं तिचं म्हणणं. मला राग आला. घरी येऊन तंबोरा लावला, वाजवून कॅसेटवर टेप केलं आणि ऐकलं. खरंच उतरला होता. थोडासाच, पण प्रत्येक वेळी तेवढाच.

का उतरला, ते शोधायला मला वेळ लागला. आपल्या वाद्याला पडदे नाहीत. मोकळ्या तारेच्या षड्जापासून ('सा') लगतच्या कोमल रिषभापर्यंत ('रे') तारेवर बोटाला साधारण १८ मिलिमीटर जागा असते, एक सप्तक वर गेलं की तीच जागा निम्मी, ९ मिलिमीटर. तिथे बोट एक मिलिमीटर सरकलं तरी कान असलेल्या माणसाला कळतं. ही जागा बोटाला कोण दाखवतं? कान. आणि माझा कान रोज सहा तास नवशिक्या मुलांचा उतरलेला मध्यम ऐकत होता. मुलगा चुकीच्या जागी बोट ठेवायचा, घड्याळाकडे बघत मी म्हणायचे, "हं, पुढे." दिवसातून पन्नास वेळा ते 'हं, पुढे' माझ्याच कानाला मी सांगत होते की चालतं, एवढं चालतं. शिकवण्यानं माझा सूर उतरला नव्हता. घाईनं चूक सोडून देत शिकवण्यानं उतरला होता.

त्यानंतर मी दोन गोष्टी बदलल्या. सकाळचा पहिला तास माझा. त्या तासात दार उघडायचं नाही, फोन घ्यायचा नाही, आणि तंबोऱ्याच्या साथीनं व्हायोलिनच्या खर्जाच्या तारेवर लांब गज ओढल्याशिवाय दुसरं काही वाजवायचं नाही. आणि वर्गात चुकलेला स्वर सोडायचा नाही, त्या दिवशी पाठ तीनच स्वरांचा झाला तरी चालेल. ज्या मुलाला बोटानं जागा सापडत नाही त्याला व्हायोलिन मांडीवर ठेवायला सांगून आधी तो स्वर गायला लावायचा. आपल्याकडचं गायकी अंगाचं, म्हणजे गाण्याच्या वळणानं वाजणारं, व्हायोलिन घडलंच गळ्यामागून. राजमबाईंचे गुरू पंडित ओंकारनाथ ठाकूर, ते गायकच. गळ्यात स्वर बसला की बोट आपसूक तिथे जातं. माझा मध्यम जागेवर यायला सात-आठ महिने लागले.

तेव्हा पहिला व्यावहारिक प्रश्न हा: दिवसभरात तुमच्या व्हायोलिनवर तुम्ही एकटे किती वेळ असता? पत्रात लिहिलंय, 'रोज चार-पाच तास वाद्य हातात असतं.' ते विद्यार्थ्यांबरोबरचे तास आहेत. ते वजा करा आणि खरा आकडा मला नाही, स्वतःला सांगा.

खांद्याचं इथेच बोलते, कारण ते पुढे ढकलण्यासारखं नाही. आधी हाडांच्या डॉक्टरांना किंवा चांगल्या फिजिओथेरपिस्टना दाखवा. वाद्य सोबत न्या आणि बसून वाजवून दाखवा, नाहीतर त्यांना आपली बैठक कळत नाही. दुसरं म्हणजे, मुलांच्या छोट्या व्हायोलिनवर वाजवून दाखवायचं बंद करा. अर्ध्या साइजचं व्हायोलिन प्रौढ माणसानं धरलं की मनगट मुडपतं, कोपर छातीकडे येतं आणि खांदा ते सगळं सोसतो. संध्याकाळभर हे वीस वेळा होतं. मुलाच्या वाद्याचे सूर लावून द्या, पण दाखवायचं ते आपल्याच वाद्यावर.

आता मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट. तुमच्याकडे ३१ मुलं आहेत. त्यांच्या आईवडिलांपैकी कितीजणांनी तुम्हाला एखादा राग अथपासून इतिपर्यंत वाजवताना ऐकलं आहे? मुलांपैकी कितीजणांनी? तुमच्या पत्रावरून वाटतं, जवळजवळ कुणीच नाही. ते तुम्हाला अलंकार सांगताना, टाळी देताना, परीक्षेचे फॉर्म भरताना बघतात. तुमचं वाजवणं तुम्ही आकाशवाणीच्या स्टुडिओसाठी आणि वर्षातल्या दोन संध्याकाळींसाठी राखून ठेवलं आहे. मुलं जिथे रोज येतात त्या खोलीत तुमचं वाजवणं नाही. मग त्या खोलीत तुम्हाला मास्तर झाल्यासारखं वाटतं यात नवल काय?

महिन्यातला एक शनिवार ठरवा. घरातली सतरंजी अंथरा. चार-पाच मुलं पाच-पाच मिनिटं वाजवतील, आणि शेवटी तुम्ही ४० मिनिटं वाजवाल. तबल्याला गावातला एखादा होतकरू मुलगा बोलवा, त्याला मानधन द्या, कितीही थोडं असो. निवेदन नको, सत्कार नको, चहा हवा. पहिल्या महिन्यात १५ माणसं येतील. त्या १५ जणांसाठी तुम्हाला महिनाभर एका रागाची तयारी करावी लागेल, आणि दर महिन्याला वेगळ्या. म्हणजे वर्षाला १२ राग मांडून झाले. वर्षाला दोन कार्यक्रम मिळणाऱ्या माणसाला ही तालीम कुठलाही महोत्सव देणार नाही. माझ्या ओळखीत कथक शिकवणारी एक मुलगी आणि सतारीचे एक शिक्षक हेच करतात. त्या शिक्षकांच्या बैठकीला आता शेजारच्या गावांतून माणसं येतात.

तुमच्या भागात तर यासाठी जमीन तयार आहे. मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत दर्ग्यात वर्षानुवर्षं कलाकार हजेरी लावतात, साताऱ्याकडे औंधचा महोत्सव आहे. 'फक्त सांगलीत' म्हणताना हे सगळं तुमच्या दाराशी आहे, याचा विसर पडू देऊ नका.

पैशाकडे येते. ३१ मुलं, १,२०० रुपये, म्हणजे ३७,२०० रुपये. पण मे महिन्यात, तुम्हीच लिहिता, १९,००० सुद्धा हातात पडत नाहीत. तुमची अडचण कमाई कमी असण्यापेक्षा ती कधी येईल याचा भरवसा नसण्याची आहे. फी तीन महिन्यांची आगाऊ घ्या, जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्च अशी. मार्चमध्ये घेतलेल्या फीत मे येतोच. वर्षाचे वर्ग किती होणार ते सुरुवातीला कागदावर लिहून द्या. मे महिन्यात गावाला जाणाऱ्या मुलाचे वर्ग एप्रिलमध्ये किंवा जूनमध्ये भरून द्या, पण फी थांबवू नका. पालक कुरकुरतील, दोन-तीन मुलं जातील. जाऊ द्या. नव्या मुलांना १,५०० सांगा, जुन्यांना पुढच्या जूनपासून. अगदी २४ मुलं उरली तरी १,५०० रुपयांनी ३६,००० होतात. म्हणजे सात मुलं कमी होऊन महिन्याचे १,२०० रुपयेच कमी झाले, आणि आठवड्यातले तीन-चार तास मोकळे झाले. ते तास रियाजाला द्या, त्यात नव्या मुलांच्या बॅचेस बसवू नका.

एका बॅचमध्ये चारपेक्षा जास्त नवशिकी मुलं बसवू नका. तबल्याच्या वर्गात आठ मुलं एकदम बोल वाजवू शकतात. व्हायोलिनच्या वर्गात आठ मुलांचे आठ षड्ज होतात, आणि तुमच्या कानाचं काय होतं ते वर सांगितलं.

परदेशातल्या मराठी कुटुंबांतून ऑनलाइन शिकणारी मुलं तुम्हाला मिळू शकतील. आपली सकाळ म्हणजे अमेरिकेत आदली संध्याकाळ, वेळ जुळते. पण आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो, त्यामुळे दोघांनी एकत्र वाजवता येत नाही. आधी तुम्ही, मग तो, असंच चालावं लागतं. आठवडाभराचा रियाज मुलानं रेकॉर्ड करून पाठवायचा आणि तुम्ही तो शांतपणे ऐकून वर्गात बोलायचं, हा मार्ग मला बरा वाटला. फक्त सकाळचा तो पहिला तास या मुलांना देऊ नका. मोह होईल, कारण पैसे चांगले असतात.

परीक्षांबद्दल एवढंच. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांनी गावोगाव संगीत पोचवलं, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण दहावीच्या वाढीव गुणांसाठी दोन वर्षांत मध्यमापर्यंतच्या परीक्षा उरकून द्या म्हणणाऱ्या पालकांना नम्रपणे नाही म्हणा. ती घाई तुमच्या कानातून वसूल होते.

आता शाळा. नोकरी वाईट म्हणून मी सांगत नाही, शाळेतल्या संगीतशिक्षकानं एखाद्या मुलाचं आयुष्य बदललेलं मी पाहिलं आहे. पण सही करण्याआधी काही गोष्टी तोंडी नव्हे, लेखी विचारा. एका वर्गात मुलं किती आणि व्हायोलिनं किती? वाद्यं शाळा घेणार की पालक? गॅदरिंगच्या महिन्यात तुम्हाला कीबोर्डवर नाचाची गाणी बसवावी लागणार का? आकाशवाणीच्या रेकॉर्डिंगला आणि कार्यक्रमाला रजा मिळणार का? खाजगी शिकवणी करायची नाही असं कलम करारात आहे का? तसं कलम असेल तर ती ११ वर्षांची मुलगी तुमच्या हातून गेली, हेही समजून घ्या. दुसरा हिशेबही मांडा: पुण्यात खोलीचं भाडं, खानावळ आणि दर आठवड्याचा प्रवास वजा केला की ४५,००० मधले किती उरतात? तुमच्या आताच्या ३७,००० पेक्षा ते जास्त आहेत याची मला खात्री वाटत नाही.

माझं मत विचारलंत म्हणून स्पष्ट सांगते. आज, या अटींवर, ही नोकरी घेऊ नका. शाळेला विचारा की आठवड्यातले दोन सलग दिवस, मानधनावर, फक्त व्हायोलिन शिकवायला येऊ का. बुधवारी सकाळी जायचं, गुरुवारी रात्री घरी. 'हो' म्हणाले तर वर्षभर करून बघा. 'नाही' म्हणाले तर हात जोडून परत या. तुमची पत्नी नोकरी करते, घरी अगदी उपासमारीची वेळ नाही. तशी वेळ असती तर मी वेगळं सांगितलं असतं, आणि ज्या वाचकांच्या घरी तशी वेळ आहे त्यांनी नोकरी घ्यावी, सकाळचा तास तेवढा सोडू नये.

नोकरीचीच ओढ असेल तर तिच्याकडे जाणारा दुसरा रस्ताही आहे. आकाशवाणीच्या ए श्रेणीसाठी तयारी करा. बी-हाय आणि ए यांच्यात एकाच पायरीचं अंतर आहे, पण ए श्रेणीला विद्यापीठांच्या शिक्षक-पात्रतेतही वजन आहे. संगीतात पदव्युत्तर पदवी असेल तर नेट या प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षेचाही विचार करा, त्यात संगीत हा विषय आहे. म्हणजे चांगलं वाजवायला लागलात तर चांगल्या ठिकाणी शिकवायचा दरवाजाही त्याच किल्लीनं उघडतो. आणि शनिवारच्या १२ बैठकी म्हणजे त्या ऑडिशनचीच तयारी झाली.

पत्नीबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंत: "ती म्हणते, तुमचं तुम्ही ठरवा." मी संसार केलेली बाई आहे. हे वाक्य परवानगीचं असतं, तसंच थकव्याचंही असतं. आठवड्याचे सहा दिवस पाच वर्षांच्या मुलीला शाळेत सोडणं, आणणं, ताप आला तर रजा घेणं, हे सगळं ती एकटी करणार आहे. तिच्याशी एका रविवारी वही घेऊन बसा. वरचे सगळे आकडे तिच्यासमोर मांडा आणि विचारा, तुला काय हवंय? आणि उत्तर येईपर्यंत बोलू नका. मुलीला तुमचा रियाज ऐकायला येतो का, तेही पत्नीला विचारा. तुम्हाला ठाऊक नसेल, तिला असेल.

राहिले गुरुजी. त्यांचं वाक्य तुम्ही दहा वर्षं उराशी बाळगलंत, पण ते म्हणाले तेव्हा त्यांना काय म्हणायचं होतं ते विचारलं नाहीत. ज्या माणसानं तुम्हाला १४ वर्षं शिकवलं त्याचा गज तुम्हाला शिकवताना जड झाला होता का? मला वाटतं, त्यांना शिकवण्यांची भीती नव्हती, तुमच्या रियाजाची काळजी होती. पण मी त्यांना ओळखत नाही, हा माझा अंदाज आहे. गेल्या दोन वर्षांत तुम्ही त्यांच्याकडे गुरुपौर्णिमेला पेढे घेऊन गेलात, वाद्य नेलं नाहीत, असं पत्रात आहे. का नेलं नाहीत ते लिहिलेलं नाही, पण मला कळलं.

तेव्हा असं करा. महिनाभर सकाळचा तास पाळा, सुट्टी न घेता. मग त्यांना फोन करून वेळ घ्या आणि सकाळीच जा. गजाला राळ लावून, तारा जुळवून त्यांच्यासमोर बसा आणि भैरव किंवा तोडी, जो हातात असेल तो, अर्धा तास वाजवा. ते मधे थांबवतील, चुका सांगतील, कदाचित तुमच्या हातातून वाद्य घेऊन स्वतः वाजवून दाखवतील. ते सगळं होऊ द्या. शाळेचं पत्र खिशात असू द्या, वाजवून झाल्यावर काढा. ते काय म्हणाले, ते मला कळवा.